बिनचोथ्याचे दिवस

३ नोव्हें., सोम.

हे काल घरी आले. आले म्हणजे आणले. रिक्षा थेट अंगणात घ्यायला लावली. रिक्षावाला कुरकुरला, पण घेतली. आतड्याला पीळ पडला होता, तेवढा तुकडा काढून उरलेलं जोडलंय, हे वाटेत तीन ठिकाणी सांगून झालं. आता झोपेतसुद्धा सांगेन.

डॉ.नी निघताना पुन्हा बजावलं. जोड कोवळा आहे, चोथा अजिबात नको. नाचणी नको, कुळीथ नको, उकडा तांदूळ नको, पालेभाजी नको, साल-बी असलेलं काही नको. मग काय द्यायचं? "पांढरा भात मऊ करून, अंडं, मासा, पांढरा पाव." मी विचारलं, मैद्याचा? तर म्हणे, "मैद्याचाच. ब्राऊन आणू नका." आणि मी जन्मभर अंगणवाडीत पोरांच्या आयांना पाव देऊ नका म्हणून ओरडत आले.

असो. माणूस घरात आहे. पंखा चालू ठेवून बाहेर येऊन बसलेत, आणि आज मला त्याचा राग आला नाही.

५ नोव्हें., बुध.

मऊभात तीन घास. पुढच्याला तोंड फिरवलं. हॉस्पिटलात रोज तोच खाऊन आता नुसता वास आला तरी मळमळतं म्हणतात. पेज तशीच परत. पापलेट उकडून दिलं ते अर्धं. वजनकाट्यावर उभं करायची माझी हिंमत नाही. लेंग्याची नाडी कमरेला दोनदा फिरते त्यावरून कळतंच.

गावातली माणसं येतात, हात हलवत कोणी येत नाही. कुळथाचं पीठ, भाजलेली नाचणी, घरचा लाल तांदूळ, एकीने फणसपोळी आणलीन. आजाऱ्याला म्हणून आपण जे काही देतो ते सगळं नेमकं चोथ्याचं. कोणाला नको म्हणवत नाही. फडताळात जागा उरली नाही. पण येतात, ह्यांच्या पायाला हात लावून गरम आहेत का बघतात, बसतात, जातात. एवढी माणसं आपली आहेत हे मला तरी कुठे ठाऊक होतं.

७ नोव्हें., शुक्र.

नाक्यावर गफूरभाईंच्या बेकरीत गेले. बेकरी आमच्या जुन्या अंगणवाडीच्या बरोबर समोर. अंगणवाडीच्या भिंतीवर मीच रंगवून घेतलेलं चित्र आहे. एका बाजूला अंडं, नाचणीची भाकरी, शेवग्याचा पाला. दुसऱ्या बाजूला पाव आणि बिस्किटं, त्यांच्यावर लाल रंगाची मोठी काट. गफूरभाई गल्ल्यावर बसले की दिवसभर त्यांना तीच दिसते.

म्हटलं, पाव द्या, मऊसा.
"कोणाला, बाई?"
"घरी."
त्यांनी समोरच्या भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुमच्या घरी?"

सगळं सांगितल्यावर मात्र हसू गेलं त्यांचं. आत जाऊन लांबडे बन घेऊन आले. हॉटडॉगचे. आरे-वारेच्या किनाऱ्यावर गाड्यांवर मधे चिरून सॉसेज घालतात ते. "साध्या पावाची कड आबांना चावायला लागेल. ह्याची कड पण मऊच." आबा म्हणजे हे. गावात सगळे आबाच म्हणतात. लाईनमन होते, अर्ध्या गावाच्या घरात ह्यांच्या हातची वीज आहे.

सं. एक बन कोमट दुधात कुस्करून दिला. अख्खा खाल्ला. वर विचारलं, "अजून हाय काय गो?"

मी स्वयंपाकघरात जाऊन फडताळाकडे तोंड करून रडले. पावासाठी रडणारी मी पहिलीच बाई असेन.

९ नोव्हें., रवि.

लेकीने, मनूने, पुण्याहून येताना शहरातल्या दुकानातलं बनचं पाकीट आणलं होतं. आज ती परत गेली. पाकिटामागचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचलं. सवय जात नाही. पिष्ट भरपूर, साखर आहे, मीठ वाटतं त्याहून बरंच जास्त, प्रथिनं बेताची. चोथ्याच्या रकान्यात जवळजवळ काही नाही. नोकरीत असते तर ह्या एका पाकिटावर तासभर बोलले असते. गव्हातलं चांगलं ते काढून टाकायचं आणि उरलेल्याचा फुगवून बन करायचा, ह्याला खाणं म्हणायचं का, वगैरे. आज तो रिकामा रकाना बघून एवढं बरं वाटलं की पाकीट जपून ठेवलंय.

पण नुसत्या मैद्यावर जखम कशी भरणार? म्हणून अंडं दुधात फेटून त्यात बन बुडवते आणि तव्यावर लोण्यात परतते. बन बिचारा सगळं शोषून घेतो. त्याचं स्वतःचं फारसं काही नाही, पण जे द्याल ते पोटापर्यंत नेऊन पोचवतो. हे म्हणाले, "तू हाटेल काढ आता." लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या स्वयंपाकाला हे पहिलं धड बक्षीस.

१२ नोव्हें., बुध.

आक्का भाकरी खात नाहीयेत. आज लक्षात आलं. इतके दिवस ह्यांच्या पुढ्यातल्या ताटाकडे बघण्यात त्यांच्या ताटाकडे बघितलंच नाही.

आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लवकर विधवा झाल्या, तेव्हापासून इथेच. हे त्यांच्या कडेवर वाढले, त्यामुळे सासू म्हणा, नणंद म्हणा, सगळं एकाच माणसात. सकाळी नाचणीची भाकरी चहात बुडवून खाल्ल्याशिवाय त्यांचा दिवस उगवत नाही. दात गेले, भाकरी गेली नाही. आणि आता ताटात नुसता भाताचा मूदभर गोळा.

विचारलं, पोटात दुखतं का? "नाय गो." मग? शेवटी बोलल्या. ऑपरेशनच्या दिवशी देवीला नवस बोलून बसल्यात. बाळू, म्हणजे हे, घरी आला की आपल्या शेतातल्या नव्या नाचणीची पहिली भाकरी देवीला आणि तो प्रसाद बाळूच्या तोंडात. "तोवर मी भाकरी मोडायची नाय."

जगात एवढे पदार्थ आहेत. शिरा बोलायचा, खीर बोलायची. डॉ.नी पहिलं नाव ज्याचं घेतलं नेमकं तेच. ओठांवर आलं होतं, गिळलं. त्या दिवशी आम्ही सगळे हॉस्पिटलात होतो, त्या इथे एकट्या. जे सगळ्यात आवडतं तेच सोडलंनी.

समजावलं की जोड भरेपर्यंत नाचणी नाही म्हणजे नाही. "बरं," म्हणाल्या. आक्कांचं 'बरं' म्हणजे ऐकलं एवढंच.

१६ नोव्हें., रवि.

लिहायला हात चालत नाही, तरी लिहिते.

नाचणी झोडून परवा घरात आली. आक्का ती काल गिरणीत घेऊन गेल्या, मला वाटलं असंच. आज स. मी औषधं आणायला रत्नागिरीत गेले. मागे आक्कांनी भाकरी केली, देवळात नेली, आणली, ह्यांच्या तोंडात घातली. "नखाएवढा तुकडा दिला गो, शपथ." नखाएवढाच दिला असेल. पण इतक्या दिवसांनी नाचणीची चव लागल्यावर आमचे हे कसले थांबतात. "अजून दे," म्हणाले, आक्का नाही म्हणेपर्यंत ताटातली उचलली आणि लसणीच्या चटणीबरोबर अर्धी संपवली. मी आले तर दोघं पडवीत बसलेली, दोघांच्या तोंडावर समाधान. इतकं समाधान ह्या घरात महिनाभर बघितलं नव्हतं.

सं. पोट ताठ. कळा. उलटी. गफूरभाईंच्या मुलाच्या गाडीतून हॉस्पिटल.

१७ नोव्हें., सोम.

तोंडाने काही नाही. सलाईन. नाकातून नळी. डॉ. रागावला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. जोडाला सूज आलीय म्हणाला. उतरली तर उतरली. नाहीतर परत उघडावं लागेल. ह्या वयात आणि ह्या वजनात पुन्हा उघडणं सोपं नाही. एवढं बोलून दुसऱ्या खाटेकडे गेला.

हे माझा हात धरून म्हणाले, "मीच मागितली. तिला बोलू नको."

१९ नोव्हें., बुध.

स. वारा सरला. सगळ्या वॉर्डाने ऐकला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने "झालं, सुटलात" म्हणून हात वर केला. नर्स हसली. मी मात्र खरोखरच हात जोडले. आयुष्यभर ह्याच गोष्टीवरून ह्यांना बोलत आले, चारचौघांत कसं वागावं म्हणून.

दु. नळी काढली. डॉ. म्हणाला, सूज उतरतेय, उघडायला नको. त्याच्या पाया पडायला वाकले तर पोरगा दोन पावलं मागेच सरकला.

२१ नोव्हें., शुक्र.

घरी. पुन्हा दूध आणि बन. गफूरभाईंनी पहिल्या घाण्यातले चार बन बाजूला ठेवलेले, मी न सांगता.

आक्का समोर आल्या नाहीत. मागच्या दारी नाचणीच्या गोणीशेजारी बसून होत्या. येताना गाडीत मी काय काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं. त्यांची ती बारीक झालेली पाठ बघितली आणि सगळं विसरले. शेजारी बसले. म्हटलं, प्रसाद दिलात ना, बोललात ते पुरं झालं, आता तरी भाकरी खा.

"पुरं कसं? पचला काय तो? देवीने मानून घेतलंन असतं तर हे असं झालं नसतं." म्हणजे बाळूला नाचणी पचेपर्यंत आक्कांना भाकरी नाही.

मी कपाळावर हात मारून घेतला. मग म्हटलं, मंगळवारी गुरवाकडून देवीला कौल लावू. हे मी म्हटलं. कौलबिल न मानणारी मी.

२५ नोव्हें., मंगळ.

देवळात तिघंच. मी, आक्का, गुरव. ह्यांना घरी ठेवलं. ताटात नारळ, ओटी आणि एक लांबडा बन, ताजा. गुरवाने तो उचलून बघितला.
"गफूरचा काय?"
"हो."
"आजचा दिसतो," म्हणाला आणि देवीपुढे ठेवला. मला भीती होती की नको म्हणतो की काय.

देवीला दोन्हीकडे ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मग गाऱ्हाणं. "आई, तुझं लेकरू आजारी हाय. थोरलीने मायेपोटी भाकरी बोललीन. लेकराला भाकरी सोसत नाय. भाकरीच्या जागी हा पाव मानून घेतेस काय, घेतेस तर उजवा कौल दे." आक्का म्हणाल्या, "व्हय म्हाराजा." मी पण म्हटलं.

काही नाही. उजवी नाही, डावी नाही. बाहेर कोणाची तरी मोटारसायकल गेली. मी पाकळीवरची नजर काढत नव्हते. हिशेबाने पाणी वाळलं की पाकळी पडणार हे मला कळतं. तरी उजवी आधी वाळू दे, असं मनात चाललं होतं.

मग गुरवाने प्रश्न बदलला. "बोलल्याप्रमाणे भाकरीच देऊ, पण लेकराचं आतडं भरेपर्यंत मुदत देतेस काय?" थोड्याच वेळात उजवी पडली. आक्कांनी एवढा मोठा श्वास सोडला की समईची ज्योत हलली.

मी गुरवाला म्हटलं, आता एवढंही विचारा की मधल्या काळात आक्कांनी भाकरी खाल्ली तर चालेल का. गुरव पाकळी लावायला वाकला. आक्कांनी त्याचा हात धरला. "ते विचारायचं नाय. ते माझं हाय."

घरी येऊन देवीपुढचा बन दोघांनी वाटून खाल्ला, आक्का आणि हे. आक्कांनी आयुष्यात पहिल्यांदा. "गोड हाय रे," म्हणाल्या, जरा तक्रारीच्या सुरात.

२९ नोव्हें., शनि.

रोज सकाळी आता दोघंही बनच खातात. हे दुधात, आक्का चहात. पडवीत एकमेकांसमोर बसून. बाळूने खाल्ला का बघायचं आणि मग आपण खायचा, असा आक्कांचा क्रम.

ह्यांचं छान चाललंय. आक्कांचं नाही. चोथा ज्याला नको त्याला नाही हे ठीक, पण जिला हवा तिलाही नाही. तीन दिवस पोट साफ नाही, तोंड लहान करून बसल्या होत्या. एकाच बनचा एकाला गुण आणि एकाला अवगुण, एकाच घरात. अंगणवाडीत हे शिकवायला किती सोपं गेलं असतं. त्यांना पपई दिली, मुगाचं सालासकट वरण दिलं, शेवग्याची भाजी दिली. भाकरी तेवढी बोललेय, बाकी काही नाही, हे त्यांनीच कबूल केलं. निदान तेवढी फट ठेवलीनी.

२ डिसें., मंगळ.

लेंग्याची नाडी आता एकदाच फिरते.

आज हे माझ्याबरोबर चालत नाक्यापर्यंत आले. वाटेत प्रत्येक खांबाकडे मान वर करून बघणं चालू. हा वाकलाय, त्याची तार सैल आहे. मी हूं हूं करत होते. ही कटकट परत ऐकायला मिळाली, अजून काय पाहिजे.

गफूरभाईंनी खुर्ची दिली. समोर अंगणवाडीची भिंत पुन्हा रंगवतायत. नवी सेविका मला बघून धावत आली. "बाई, ते पावावरचं काय करू? ठेवू की काढू?" गफूरभाई आतून म्हणाले, "ठेव गो काट. बारक्या पोरांना ती खरीच हाय. आबांची गोष्ट वेगळी."

त्यांच्या धंद्यावरची काट, आणि तेच सांगतायत ठेव म्हणून. मी सेविकेला सांगितलं, ठेव. येताना बन घेतले, आणि त्या माणसाबद्दल मनातल्या मनात दोनदा चांगलं बोलले. तोंडावर बोलायला हवं होतं. उद्या बोलेन.

९ डिसें., मंगळ.

डॉ.नी तपासणी केली. जोड चांगला दिसतोय. सूज नाही. "हळूहळू बाकीचं सुरू करायला हरकत नाही."

मी विचारलं, नाचणी? माझा आवाज बदलला असणार, कारण त्याने वर बघितलं. मग त्याला सगळं सांगितलं. भाकरी, बोललेलं, कौल, आक्का. हसेल वाटलं होतं. हसला नाही. म्हणाला, "माझी आजी दाभोळची. मला माहितीय हे." मग म्हणाला, आधी भाकरी नाही. नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून, फक्त सत्त्व. दोन-चार चमचे. दुखलं नाही तर पुढे बघू. दुखलं तर लगेच या.

आक्कांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "सत्त्व म्हणजे नाचणीच ना?" म्हटलं, नाचणीच. चोथा काढलेली. "मग झालं," म्हणाल्या आणि शेतातली नाचणी निवडायला बसल्या. खडा तर नाहीच, तूससुद्धा ठेवलं नाही.

११ डिसें., गुरु.

पहाटे उठून गाळलं. दोनदा गाळलं, मग भरवसा वाटेना म्हणून जुन्या धोतराच्या फडक्यातून तिसऱ्यांदा. फडक्यात उरलेला चोथा आक्कांनी हातात घेऊन बघितला. एवढासा. ह्या एवढ्याशावरून एवढं सगळं.

सत्त्व शिजवलं, दूध घातलं, किंचित गूळ. आधी वाटीभर देवीपुढे नेऊन आणलं. गुरवाने हळद-कुंकू लावलंन. मग ह्यांना दिलं. चमच्याने, मीच. चौथ्या चमच्याला म्हणाले, "अजून?" मी आणि आक्का एकदम म्हणालो, "नाय."

तेव्हापासून तिघं पडवीत बसलोय. आक्कांनी त्याच नाचणीच्या पिठाची भाकरी करून ताटात घेतलीय. पुढ्यात ठेवलीय, हात लावलेला नाही. गफूरभाई आज स्वतः बन द्यायला आले, बाहेर सायकल लावून. ताटातली भाकरी बघितली, ह्यांच्याकडे बघितलं, आणि पायरीवर बसले. मला त्यांना धन्यवाद म्हणायचं होतं ते गेल्या आठवड्यापासून राहिलंय, ते आत्ता म्हटलं. ते म्हणाले, "कशाचे, बाई?" ह्याचे, म्हटलं, सगळ्याचेच.

ऊन पायरीवरून खाली उतरलं. ह्यांना विचारलं, दुखतंय? "नाय." परत विचारलं. "अगो नाय." आक्का म्हणाल्या, "थांब जरा."

भाकरी निवून गेली. गरम करून देऊ का विचारलं.

"राहू दे," म्हणाल्या. "तशीच खाईन."

खाईन म्हणाल्या.